ठाण्याला उठायचं

माझी भाची पुण्यात असते आणि घरूनच काम करते. मध्यंतरी फोनवर बोलताना ती म्हणाली, "मावशी, गाडीतल्या मैत्रिणी म्हणजे ओळखीच्या बायका गं. मैत्रिणी म्हणजे शाळेतल्या, फार तर कॉलेजातल्या." मला ते लागलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तिला उत्तर द्यायचं तर पाच मिनिटांत होण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी बदलापूरची. 1991 साली फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात लागले आणि 58 पूर्ण झाल्यावर तिथूनच निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं मुंबईच्या लोकलने बदलापूर ते व्हीटी आणि परत. स्टेशनचं नाव पुढे बदलून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं, आमच्या तोंडी मात्र ते व्हीटीच राहिलं. जायला दीड-पावणेदोन तास, यायला तेवढेच, पाऊस असला तर हिशोबच नाही. नोकरीने तुला काय दिलं असं कुणी विचारलं, तर पेन्शनच्या आधी मी गाडीचं नाव घेईन.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांना आधी जागेचं गणित सांगायला हवं. दुसऱ्या वर्गाच्या लेडीज डब्यात समोरासमोर बाकं असतात. बाक तिघींचं, बसतात चौघी. चौथीचं अर्धं अंग बाकावर आणि अर्धं स्वतःच्या पायावर तोललेलं. तिलाही "चौथी सीट" म्हणून मान आहे, कारण तिच्यासमोर, बाजूला, दोन बाकांच्या मध्ये उभ्या असलेल्या बायका तीही मिळावी म्हणून टपलेल्या असतात. चढल्या चढल्या पहिला प्रश्न: "कुठे उतरणार?" कुर्ला म्हटलं की विचारणारी खूश, व्हीटी म्हटलं की ती पुढच्या बाकाकडे वळते. बदलापूरला गाडी येतानाच भरलेली असायची, कारण पुढच्या काही स्टेशनांवरच्या बायका जागेसाठी उलट्या दिशेने येऊन बसलेल्या असत. उतरणाऱ्यांमधून वाट काढत आत शिरायचं, हाताला लागेल ती जागा धरायची आणि शेजारच्या जागेवर रुमाल नाहीतर डब्याची पिशवी ठेवायची. तो रुमाल कुणासाठी आहे हे आसपासच्या सगळ्यांना माहीत असायचं.

आमच्या ग्रुपचा नियम एकच होता: बदलापूर-अंबरनाथहून बसून आलेलीने ठाण्याला उठायचं आणि डोंबिवलीहून उभी आलेलीला बसवायचं. हा नियम कुणी घातला ते मला सांगता येणार नाही. मी आले तेव्हा तो होताच. पहिल्या आठवड्यात माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या एका बाईंनी ठाणं आल्यावर पर्स खांद्याला लावली, उठल्या आणि मला म्हणाल्या, "बस गं, नवीन आहेस, सवय नाही तुला." त्यांच्या पायांना सूज होती, ती मला उभ्या उभ्या आधीच दिसली होती. त्या दिवसानंतर कुणी मला नियम समजावून सांगायची गरज पडली नाही.

ठाणे ते व्हीटी 34 किलोमीटर. 16 एप्रिल 1853 ला व्हीटीच्या आधीच्या बोरीबंदर स्टेशनातून जी पहिली आगगाडी निघाली, ती ठाण्यापर्यंतच गेली होती. शाळेत आम्ही तो सनावळीचा प्रश्न म्हणून पाठ केला. मला ते 34 किलोमीटर पायांनी माहीत आहेत. मुलुंड, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा. कुठे गाडी झुकते, कुठे दचका देते, कुठे वरची कडी घट्ट धरायची. आणि हे सगळं आपण आपणहून करतोय, कारण आपल्या जागी आता दुसरी कुणीतरी डोळे मिटून बसली आहे, तिला रात्री मुलाच्या तापामुळे झोप नव्हती, हे माहीत असणं. भाचीला मला हेच सांगायचंय. मैत्रीबद्दल पुष्कळ बोललं जातं, कार्डं पाठवली जातात, पण पाय दुखत असताना रोज उठून उभं राहणं ह्याला मी मैत्रीचा पुरावा मानते.

आमच्यातल्या बायकांची नावं इथे लिहीत नाही. तशीही गाडीत आम्ही एकमेकींना स्टेशनाने ओळखायचो. अंबरनाथवाली, विठ्ठलवाडीवाली, डोंबिवलीवाली, घाटकोपरवाली. मी बदलापूरवाली. आडनावं कळायला वर्षं गेली, नवऱ्यांचे चेहरे तर कित्येकींचे मी कधी पाहिलेच नाहीत. पण कुणाची साखर किती, कुणाच्या दिराने घराच्या वाटणीत काय केलं, कुणाच्या मुलीला कुठल्या विषयात एटीकेटी लागली, हे सगळं तोंडपाठ.

ह्यात एक गोष्ट आहे जी शाळेतल्या मैत्रिणींकडे नसते. शाळेतली मैत्रीण आपल्या आईला ओळखते, भावाला ओळखते, लग्नात आलेली असते. तिच्याशी बोलताना आपण नकळत आपल्या माणसांना सांभाळून घेतो. गाडीतलीला आपल्या घरातलं कुणीच माहीत नाही. आपण सांगू तेवढंच आणि सांगू तसंच तिच्यापर्यंत पोचतं, आणि तिच्याकडून ते परत आपल्या घरी यायची शक्यताच नाही. माझी सासू अंथरुणाला खिळली होती त्या काळात मी जे गाडीत बोलले ते सख्ख्या बहिणीजवळ बोलले नाही. अंबरनाथवालीने ऐकून घेतलं. उपदेश नाही, "असं बोलू नये" नाही. कल्याण आल्यावर फक्त म्हणाली, "आज ऑफिस सुटल्यावर दोन गाड्या सोडून उशिराची पकड. घरी जायची घाई करू नकोस. मी पण थांबते." थांबली ती. प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसून आम्ही वडापाव खाल्ला आणि उशिराच्या गाडीने घरी गेलो. त्या दिवसापुरतं मला तेवढंच हवं होतं.

एरवीचे दिवस साधेच असत, आणि मला वाटतं मैत्री मुरते ती ह्या साध्या दिवसांतच. परतीच्या गाडीत मेथीची जुडी निघायची. एक जुडी सोडणार, दुसरी पानं खुडणार, तिसरी देठं वर्तमानपत्रात गुंडाळणार. हिवाळ्यात मटार. सोललेले दाणे स्टीलच्या डब्यात पडताना होणारा आवाज अजून कानात आहे. जुन्या डब्यांतले पंखे आपले आपण सुरू होत नसत. जाळीतून कंगवा घालून पातं ढकलावं लागायचं, मग ते कुरकुरत फिरायला लागायचं. आमच्यातली जी उंच होती तिचं ते कामच. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की तोंडं बंद, आवाजाने काही ऐकूच यायचं नाही, आणि बाहेर पडली की जिथे वाक्य तुटलं तिथूनच पुढे सुरू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं, मोटरमनला पेढे. संक्रांतीनंतर चालत्या गाडीत हळदीकुंकू: एका हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्याने करंडा पुढे करायचा. विठ्ठलवाडीवालीचं डोहाळजेवण आम्ही गाडीतच केलं. फुलांची वाडी बदलापूरहून माझ्या डब्याच्या पिशवीत आली. फणी आणि पिना डोंबिवलीवालीकडे. विठ्ठलवाडीला ती चढली, तिला खिडकीत बसवलं, ठाणं येईपर्यंत तिच्या डोक्यात सगळी फुलं माळून झाली. डब्यातल्या अनोळखी बायकांनीसुद्धा ओटीत काही ना काही घातलं. कुणी सफरचंद, कुणी नुसतं चॉकलेट.

26 जुलै 2005 ला दुपारीच पावसाचा रंग बघून आम्ही ऑफिसं सोडली होती. सांताक्रूझला त्या दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच की शीव ओलांडल्यावर गाडी थांबली आणि रुळ दिसेनासे झाले. रात्र गाडीतच काढली. दिवे गेले, मोबाइल लागेनात. कुणाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, कुणाकडे राजगिऱ्याचा लाडू, सगळं मध्ये ठेवून वाटलं. डोंबिवलीवालीला घरी लहान मुलगा, ती रात्रभर हुंदके देत होती आणि अंबरनाथवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत रामरक्षा म्हणत होती. मधूनच चुकायची, मग पहिल्यापासून.

सकाळी खाली उतरलो आणि रुळांवरून चालत घाटकोपर गाठलं. घाटकोपरवालीचं घर आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. टेकडीच्या उतारावरची चाळ, एकच खोली, मधोमध पडदा. तिच्या सासूबाईंनी दारातच आमच्या पायांवर गरम पाणी घातलं. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. आम्हा सगळ्यांना सुनेच्या लुगडी-साड्या दिल्या आणि पिठलं-भात टाकला. जेवताना म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या? हिच्या गुडघ्यासाठी रोज जागा सोडता त्या?" घाटकोपरवालीचा गुडघा तेव्हाही दुखायचा. घाटकोपरला ती चढायची तेव्हा डब्यात पाय ठेवायलाही जागा नसायची, म्हणून आमच्यातली कुणीतरी उठून तिला बसवायची. हे तिने घरी सांगितलेलं होतं. आम्ही तिच्या घरी कधी गेलो नव्हतो, पण त्या घरात आमची ओळख होती. पुढचा प्रवास कसा झाला ते सांगत नाही. कधी ट्रक, कधी पायी. बदलापुरात पाणी घराघरात शिरलं होतं आणि पुढचे कित्येक दिवस चिखल काढण्यात गेले.

त्यानंतर काही वर्षांनी डोंबिवलीवालीला स्तनाचा कर्करोग निघाला. टाटात उपचार. तिचा नवरा कंत्राटी नोकरीत, रजा घेतली की पगार कापला जायचा, आणि त्या पगाराची घराला गरज होती. पहिल्यांदा ती एकटीच गेली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत इतकंच म्हणाली, "फाइल घेऊन कुठल्या खिडकीत उभं राहायचं तेच कळत नाही." विठ्ठलवाडीवालीने पर्समधून रेल्वेचं वेळापत्रक काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर आमची नावं लिहायला घेतली. ज्या दिवशी केमो, त्या दिवशी एक सकाळी तिच्याबरोबर दादरला उतरून परळला जाणार, एक अर्धी रजा टाकून दुपारी तिथे पोचणार आणि तिला डोंबिवलीच्या घरापर्यंत सोडणार. माझी पाळी बहुतेक दुपारची. टाटातली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आसाम, बिहार, कुठून कुठून आलेली माणसं, पायऱ्यांवर गाठोडी. त्या गर्दीत ती माझ्या खांद्याला डोकं टेकून बसायची. आम्ही फारसं बोलायचो नाही. एकदा तिने विचारलं, "तुझी किती रजा शिल्लक आहे?" मी म्हटलं, "माझ्या सेवापुस्तकात मीच नोंदी करते, तू काळजी करू नकोस." खूप दिवसांनी ती हसली. ती बरी झाली. शाळेत परत रुजू झाली, आता मुलाकडे नाशिकला असते आणि दर चार दिवसांनी फोन करते.

बी.ए.ला मला तत्त्वज्ञान होतं. अॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितलेत ते तेव्हा परीक्षेपुरते वाचले: उपयोगासाठी केलेली मैत्री, आनंदासाठी केलेली मैत्री आणि माणसाच्या चांगुलपणावरची मैत्री. पहिल्या दोन तकलादू, निमित्त संपलं की संपतात. तिसरी खरी, पण ती दुर्मीळ, आणि तिला वेळ लागतो. एकमेकांबरोबर मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत अशी त्यांच्याकडची म्हणही तो देतो. आणखी एक गोष्ट तो म्हणतो जी मला फार पटते. माणसांनी एकत्र राहणं म्हणजे गुरांसारखं एका कुरणात चरणं नव्हे, बोलणं आणि विचार वाटून घेणं.

ह्या वर्गवारीत आम्हाला कुठे बसवणार? सुरुवात बघितली तर पहिल्या प्रकारात. जागा धरणं हा चक्क उपयोग. मला अंबरनाथवाली हवी होती कारण संध्याकाळी तिचं ऑफिस व्हीटीजवळ असल्यामुळे ती आधी पोचायची आणि जागा धरायची. तिला मी हवी होते कारण सकाळी मी एक स्टेशन आधी चढायचे. एवढा सरळ व्यवहार. पण त्या मोठ्या माणसाशी माझा इथेच मतभेद आहे. उपयोगाची मैत्री आणि खरी मैत्री अशा दोन वेगळ्या जाती नाहीत असं माझ्या अनुभवावरून मी म्हणते. रोजच्या उपयोगातूनच एकमेकींचा स्वभाव कळतो. कोण ठाण्याला न सांगता उठते, कोण झोपेचं सोंग घेते, कोण सुट्टे पैसे परत करते, कुणाला दुसरीच्या डब्यातली चांगली फोड आधी घ्यायची सवय आहे. वर्षानुवर्षं असं पाहिल्यावर आपण ज्या बाईवर विश्वास टाकतो, तो तिच्या चांगुलपणावर टाकलेला असतो. मीठ तर आम्ही रोजच खात होतो. कैरीच्या फोडींना लावून.

आता जे खटकतं तेही सांगते, कारण ते न सांगता गाडीतल्या मैत्रीचं कौतुक करणं खोटं होईल. ग्रुपची दादागिरी असते. रुमाल टाकून जागा अडवणं हे बाहेरच्या बाईच्या नजरेतून अन्यायच आहे, तिनेही तेवढेच पैसे भरून पास काढलेला असतो. पश्चिम रेल्वेवर 5 मे 1992 ला चर्चगेट ते बोरिवली अख्खी बायकांची गाडी सुरू झाली तेव्हा आम्हा मध्य रेल्वेवरच्या बायकांना हेवा वाटला होता. आमच्या गाडीत बायकांच्या वाट्याला ठरलेले डबे आणि त्यात कर्जतपासूनची गर्दी. जागा कमी पडली की माणसं टोळ्या करतात. पण त्यामुळे टोळी बरोबर ठरत नाही.

एकदा कल्याणला एक बाई चढली, कडेवर तान्हं मूल. आमच्यातल्या एकीसाठी धरलेल्या जागेवर ती बसायला गेली तर अंबरनाथवालीने तिला अडवलं, "इथे आहे कुणीतरी." मी उठले, त्या बाईला माझ्या जागेवर बसवलं आणि सगळ्यांसमोर अंबरनाथवालीला सांगितलं की हे शोभत नाही आपल्याला. तिला ते इतकं लागलं की तिने माझ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर तिसरीमार्फत, तेही अहो-जाहो करून: "त्यांना सांग, उद्या मेगाब्लॉक आहे." पावसाळा गेला, दिवाळी आली आणि गेली. पण त्या सगळ्या महिन्यांत एकही संध्याकाळ अशी गेली नाही की व्हीटीला तिने माझी जागा धरली नाही. मी डब्यात शिरायचे, ती माझ्याकडे न बघता पिशवी उचलून मांडीवर घ्यायची आणि मी बसायचे. मांडीला मांडी लावून, तोंड फिरवून. सकाळी माझा रुमाल तिच्यासाठी. एक दिवस मी डब्यातली भेंडी मध्ये ठेवली, तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "गूळ घातलायस?" मी म्हटलं, "हो, थोडा." "बरं लागतंय." तिथे भांडण संपलं. कोण बरोबर होतं ह्याची चर्चा आम्ही आजतागायत केलेली नाही. मात्र त्यानंतर कडेवर मूल घेतलेली बाई आली की सगळ्यांत आधी तीच उठायची.

भांडूनही जिची जागा धरावीशी वाटते तिला नुसती ओळखीची कसं म्हणायचं?

22 मार्च 2020 च्या मध्यरात्री लोकल बंद झाल्या. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी 15 जूनपासून थोड्या गाड्या सुटू लागल्या आणि मला ऑफिसला जावं लागलं. ज्या खिडकीसाठी जन्मभर धावले ती रोज मोकळी. सीटांवर फुल्या मारलेल्या, एक सोडून एक बसायचं, तोंडाला मास्क. मी हातपाय पसरून व्हीटीपर्यंत बसून जायचे आणि उतरताना आधीपेक्षा जास्त थकलेली असायचे. ठाणं यायचं, सवयीने पर्सकडे हात जायचा, उठून जागा द्यावी असं समोर कुणीच नसायचं.

2021 च्या एप्रिलमध्ये विठ्ठलवाडीवाली गेली. बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले. आम्ही सगळ्या फोनला चिकटून होतो, बेड मिळवूनही दिला, पण उशीर झाला होता. तिला शेवटचं बघताही आलं नाही. हे लिहिताना अजून हात थांबतो.

तिचा नवरा आधीच वारलेला, मागे मुलगी, जिच्या वेळचं डोहाळजेवण गाडीत झालं होतं तीच, कॉलेजात शिकणारी. कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल एका कार्यालयात अडून बसली. तिच्या सेवापुस्तकात जुन्या एका कालावधीची पडताळणी झालेली नव्हती आणि नामनिर्देशनात अजून नवऱ्याचंच नाव. नोकरीच्या नोंदींचं हे काम तर ऑफिसात माझंच. मी त्या पोरीला घेऊन बसले, अर्ज लिहिला, वारसाचे दाखले लावले, ज्या कार्यालयात तिच्या आईने सुरुवातीची वर्षं काढली होती तिथे जाऊन जुनी पगारबिलं शोधायला लावली. त्या काळात अंबरनाथवाली पोरीला आपल्या घरी जेवायला न्यायची, आणि नाशिकहून डोंबिवलीवालीने तिच्या वर्षाच्या फीचे पैसे पाठवले, परत घेणार नाही ह्या बोलीवर. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा पोरीने मला विचारलं, "मावशी, तुम्ही आईच्या ऑफिसातल्या का?" मी म्हटलं, "नाही गं, गाडीतल्या." तिने मान हलवली. तिला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही, ती ह्याच गाडीच्या गोष्टी ऐकत वाढलेली होती.

मला निवृत्त होऊन आता काही महिने झाले. पास संपला तो पुन्हा काढला नाही. जागा धरण्याचा उपयोग संपला, तेव्हा अॅरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे आमचंही संपायला हवं होतं. अंबरनाथवाली माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाली. आता ती दुपारच्या रिकाम्या गाडीने येते, एकच स्टेशन, आणि आम्ही माझ्या गच्चीत बसून तिच्या नातवासाठी गोधडी शिवतोय. टाके तिचे बारीक, माझे मोठे, ती माझे उसवून पुन्हा घालते.

आणि घाटकोपरवालीचा तो गुडघा शेवटी बदलायचा ठरला आहे. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. मुलगा परदेशात, सुनेला पहिल्या आठवड्यात रजा नाही, म्हणून रात्री आम्ही वाटून घेतल्या आहेत. पहिली माझी, दुसरी अंबरनाथवालीची, नाशिकहून येणारी शनिवारी पोचेल. हॉस्पिटलात रात्री थांबणाऱ्या माणसासाठी एकच पास मिळतो आणि त्या फॉर्मवर पेशंटशी नातं लिहावं लागतं. अंबरनाथवाली म्हणते, उगाच वाद नको, सरळ बहीण लिहून टाकू. मी मैत्रीण लिहिणार आहे. हरकत घेतली तर त्या साहेबांशी बोलायची माझी तयारी आहे.